अंदमानचं तिकीट तिथी बघून काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक ताई जानेवारीत सात दिवसांसाठी अंदमानला निघाल्यात. सोबत नवरा, नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. टूरवाल्याने दिलेल्या कार्यक्रमात सेल्युलर जेल, रॉस आणि नॉर्थ बे, एक दिवस बाराटांग, हॅवलॉकला दोन रात्री आणि परतीच्या वाटेवर ‘नील आयलंड, दोन तास’ असं सगळं बसवलंय. त्या विचारतात, ‘माझं माहेर गुहागरचं. समुद्र, नारळ, वाळू जन्मापासून बघितलीय. मग तिथे वेगळं काय बघायचं? आणि या यादीतलं काय ठेवू, काय काढू? सामानात काय घेऊ, दुर्बीण घ्यायची का?’

ताई, सोळा हिवाळे मी लहान गट घेऊन तिथे जातोय. जेलबद्दल तुम्हाला कुणी सांगायला नको, मराठी माणूस ती बघतोच आणि बघावीच. मी फक्त उरलेल्या अंदमानबद्दल, म्हणजे पाणी, जंगल आणि वाळूबद्दल लिहितो. आणि यादीला हात लावायच्या आधी तारखेबद्दल लिहितो, कारण तुमच्या टूरवाल्याच्या कागदावर सगळं आहे, फक्त तिथी नाही.

गुहागरच्या मुलीला कोळ्यांचा हिशोब ठाऊक असणारच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पुनवेला-अवसेला अकरा-साडेअकराला आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अंदमानात पाढा हाच चालतो, फक्त सुरुवातीचा आकडा बदलतो, कारण तिथली भरती आपल्यापेक्षा साधारण दोन तास आधी लागते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं असतं आणि दुपारी चारच्या मागेपुढे पूर्ण उतरलेलं. पुढे रोज पाऊण तास सरकत जातं. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं असतात; नाहीतर जेट्टीवर कुणाही नाववाल्याला विचारा, तो घड्याळ न बघता सांगेल.

आता याचं एवढं काय, असं वाटेल. मुंबईकडे पाणी वर-खाली होतं त्याच्या साधारण निम्मंच अंदमानात होतं. उधाणाला, म्हणजे अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीला, जेमतेम दोन मीटर; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, तर एका मीटरच्याही आत. पण तिथला किनारा उतरता नाही. काठापासून बरंच आतपर्यंत प्रवाळाचं सपाट जोतं असतं, एखाद्या मोठ्या अंगणासारखं. त्यावर दोन मीटर पाणी असलं की वरून नाव जाते आणि खाली मासे दिसतात. तेच पाणी उतरलं की अख्खं अंगण उघडं पडतं आणि तुम्ही त्याच्यावरून चालत जाता. एकच जागा, पण सकाळी एक आणि दुपारी दुसरीच. टूरवाल्याच्या ‘दोन तासांत’ यातलं एकही धड दिसत नाही.

हे मी शिकलो ते स्वतःचं हसं करून. माझ्या दुसऱ्याच ट्रिपला चौदा जणांना घेऊन नीलच्या नैसर्गिक पुलाकडे गेलो. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाची एक कमान उभी आहे. फाळणीनंतर तिथे वसवलेले बंगाली शेतकरी तिला गमतीने ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. आम्ही पोहोचलो दुपारी बाराला आणि तिथी होती अष्टमी. भांगाचे दिवस, त्यातून पाणी चढायला लागलेलं. कमानीकडे जायची खडकाळ वाट गुडघाभर पाण्याखाली, शेवाळ्याने गुळगुळीत. दोघेजण घसरले, एका काकांचा चष्मा गेला, बाकीच्यांनी लांबूनच फोटो काढले आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. हर्णैला आजोळ असलेल्या माणसाला हे व्हायला नको होतं. तेव्हापासून मी ट्रिपची तारीख ठरवताना आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघतो, मग विमानाचे दर.

तुमच्यासाठी सांगायचं तर नीलचा मुक्काम अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे येईल असा बसवा. त्यातही अमावास्या जास्त चांगली, कारण पुढे सांगतो. सासूबाई ‘अवसेला घराबाहेर पडायचं नाही’ म्हणाल्या तर घर सोडा द्वादशीला आणि अवसेला आधीच समुद्राकाठी असा. त्यांचाही शब्द राहिला, तुमचंही काम झालं.

नील (कागदोपत्री आता शहीद द्वीप, हॅवलॉक झालं स्वराज द्वीप आणि रॉस झालं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही तिन्ही नावं २०१८ च्या डिसेंबरात बदलली, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम् २०२४ मध्ये झालं, तिकिटावर नवी नावं दिसली तर गोंधळू नका) हे छोटं, सपाट, भाजीपाला पिकवणारं बेट आहे. किनाऱ्यांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. तिथे किमान एक रात्र राहा, जमलं तर दोन. उधाणाच्या दिवशी सकाळी भरतीच्या पाण्यात भरतपूरला काचेच्या तळाची नाव घ्या. सासऱ्यांना गुडघा न वाकवता खालचं जग बघायचा हाच एक मार्ग आहे आणि पाणी उतरल्यावर याच नावा वाळूत बसून राहतात. दुपारी पूर्ण सुकतीच्या दीड तास आधी लक्ष्मणपूरच्या त्या खडकांवर पोहोचा. पाणी उतरत असताना आत जायचं आणि पुन्हा चढायला लागलं की परत फिरायचं, हा नियम मुलीला आधीच सांगून ठेवा. सासऱ्यांना मात्र या खडकांवर नेऊ नका. वाट खडबडीत आणि निसरडी आहे. सासूबाई आणि ते वरती सावलीत शहाळं पीत बसू देत.

त्या खडकांत काय बघायचं ते सांगतो, कारण बहुतेक लोक कमानीखाली फोटो काढून परत फिरतात आणि खरी गंमत पायाशी राहते. आपल्या कणीक मळायच्या परातीएवढा एखादा खळगा निवडा आणि त्याच्याजवळ उकिडवं बसा. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो. आत संन्यासी खेकडा असतो. तळाशी काळ्या वांग्यासारखं काहीतरी निपचित पडलेलं, ती समुद्रकाकडी. एका टोकाने वाळू गिळते आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ करून बाहेर टाकते, दिवसभर तेच. खडकाच्या फटीतून दोन-तीन केसाळ, सापासारखे बाहू बाहेर डोकावत असतात. ते ब्रिटल स्टारचे, म्हणजे तारामाशाच्या भाऊबंदाचे. ओढायला गेलात तर बाहू तुटून हातात येतो आणि प्राणी आत राहतो, म्हणून ओढायचं नाही. आणि नशीब असेल तर खडकात रुतलेला एक महाकाय जातीचा शिंपला दिसतो. तिथे असतो तो तळहाताएवढाच, पण त्याचे ओठ मोरपिसासारखे निळे-हिरवे. त्याच्यावर हाताची सावली पाडा, मिटतो. सावली काढा, हळूहळू उघडतो. माझ्या गटातल्या एका सात वर्षांच्या मुलाने हा खेळ अर्धा तास केला होता. त्या शिंपल्याला काय वाटलं असेल देव जाणे. आता मी तीन वेळांच्या वर करू देत नाही.

‘कोकणापेक्षा वेगळं काय’ याचं उत्तर या खळग्यात आहे, पण थोडं सविस्तर सांगतो. आपल्या किनाऱ्यावर सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या दर पावसाळ्यात माती ओतत राहतात. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, सगळ्या. गढूळ पाण्यात ऊन खाली पोहोचत नाही आणि प्रवाळाला ऊन लागतं, कारण त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न पुरवतं. मालवणला प्रवाळ आहे, पण झगडत जगणारं. अंदमान म्हणजे म्यानमारच्या आराकान डोंगररांगेचं समुद्रात बुडालेलं शेपूट. वर दिसतात ती शेकडो बेटं म्हणजे त्या रांगेचे माथे. तिथे मोठ्या नद्या नाहीत, जंगल अजून माती धरून आहे, म्हणून पाणी स्वच्छ. आणि ती पांढरी वाळू दगडाची नाहीच. प्रवाळ, शिंपले यांचा तो चुरा आहे. त्यातला बराचसा पोपटमाशांनी केलेला: हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतात, त्यावरचं शेवाळ खातात आणि चुना बारीक करून मागून सोडतात. मुलीला हे सांगितलंत तर हॅवलॉकला राधानगरच्या वाळूत किल्ला करताना ती तुम्हाला दर पाच मिनिटांनी आठवण करून देईल.

प्रवाळाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पाण्यात गेल्यावर निराशा होते. जाहिरातीत दिसतात तसे गुलाबी-जांभळे बगिचे तिथे फारसे नाहीत. जिवंत प्रवाळ बहुतेक वेळा तपकिरी, मेंदीच्या रंगाचं दिसतं. तो त्याच्या अंगातल्या शेवाळाचा रंग. समुद्र फार तापला की प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लवकर थंडावा आला नाही तर मरतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ मध्ये पुन्हा. मी २००९ ला पाहिलेले काही तुकडे आज नुसते राखाडी ढिगारे आहेत, त्यावर शेवाळाची झूल. शेजारीच नवं कोवळं प्रवाळ धरलेलंही दिसतं. त्यामुळे ‘कलरफुल कोरल गॅरंटीड’ असं जो सांगेल त्याचं ऐकू नका आणि मासे बघायला जा. मासे अजून भरपूर आहेत.

ते बघायची सगळ्यात चांगली जागा माझ्या मते जॉली बॉय. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट. उद्यान १९८३ चं. वर्षातले काही महिने जॉली बॉय उघडं असतं आणि उरलेले रेड स्किन, म्हणजे आलटून-पालटून दोघांना विश्रांती. जानेवारीत जॉली बॉयची पाळी असते. परवाना आधी काढावा लागतो, सोमवारी बंद, प्लास्टिक न्यायचं नाही. बेटाला धक्का नाही. मोठ्या नावेतून लहान नावेत आणि तिथून पाण्यात पाय टाकून उतरायचं. सासऱ्यांचा गुडघा इथे अडेल, पण नाववाले दोन्ही बाजूंनी धरून उतरवतात, मी पंचाहत्तरीच्या लोकांना उतरताना पाहिलंय. त्यांचं त्यांना ठरवू द्या. यासाठी तुमच्या यादीतलं नॉर्थ बे खुशाल काढा. तिथे स्कूटर, दोऱ्या, लाइफ जॅकेटं आणि रांगा आहेत. समुद्र मागच्या बाजूला कुठेतरी असतो.

वंडूरला जाताना सिप्पीघाटपाशी गाडी दहा मिनिटं थांबवा. ड्रायव्हर म्हणेल इथे काही नाही. रस्त्याच्या कडेला उथळ पाणी, त्यात सुकलेल्या झाडांचे बुंधे, बगळे, पाणकोंबड्या, कधी अंदमानी बदकांची जोडी. ही भातखाचरं होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात जमीनच खाली बसली, जवळजवळ मीटरभर, आणि समुद्र शेतात आला तो गेला नाही. गंमत म्हणजे त्याच धक्क्याने उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला. तिकडे प्रवाळ पाण्याबाहेर येऊन उन्हात मेलं. एक टोक बुडालं, दुसरं उचललं. त्सुनामीच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, पण बेट कलतं म्हणजे काय हे मला तरी सिप्पीघाटच्या त्या बांधांवरून कळलं. भरतीला बांध दिसत नाहीत, सुकतीला त्यांच्या रेघा वर येतात.

आता हॅवलॉक. राधानगरचा किनारा खरंच सुंदर आहे आणि त्याची कीर्ती फुकट झालेली नाही. दोन किलोमीटर वाळू आणि तिच्या मागे थेट उंच जंगल, मध्ये ना सुरूची रांग ना भजीची टपरी. काठावरच्या त्या थोराड झाडांना तिथे समुद्री महुआ म्हणतात. आपल्याकडे जशी उंडी वाकून समुद्राकडे बघते, तशी ही झाडं सरळ उभी राहून बघतात. हा किनारा पश्चिमेकडे आहे, म्हणून सूर्यास्त इथे. पण लक्षात ठेवा, घड्याळ भारताचं आणि सूर्य म्यानमारच्या शेजारचा. जानेवारीत सव्वापाचला सूर्य बुडतो आणि सहाला मिट्ट काळोख. चहा पिऊन पाचला निघू म्हणालात तर संपलं. चारला वाळूत बसलेले हवेत. उलट सकाळी पावणेसहाला उजाडतं. तेव्हा विजयनगर किंवा कालापत्थरच्या बाजूला असा, ती पूर्वेची बाजू. या पूर्वेच्या किनाऱ्यांवर सुकतीला पाणी इतकं लांब जातं की पोहणं विसरा. चालायला मात्र मजा.

एलिफंट बीचला नावेने सगळे जातात. जंगलातून चालत जायची वाटही आहे, उघडी असेल तर नवरा आणि मुलीला तिकडून पाठवा. दोनेक किलोमीटर, स्थानिक वाटाड्या घेऊन. आधी गर्जनची उंच झाडं, मग चिखल, मग शेवटी खारफुटी आणि एकदम समुद्र. कांदळाच्या मुळांचा मांडव आपल्यासारखाच, चिखलात आपल्याच निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, टुणटुणत असतात. तुम्हाला तिथे घरच्यासारखं वाटेल. नावातल्या हत्तींचं म्हणाल तर ते लाकूड ओढायला बाहेरून आणलेले. अंदमानच्या मातीतले नव्हेत. चितळही इंग्रजांनी शिकारीला सोडलेलं, आज ते बेटांवरची कोवळी रोपं फस्त करतं, कारण त्याला खाणारा कुणी नाही. वाघ नाही, बिबट्या नाही. माकडंही नाहीत. या जंगलात शिरल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं ते यामुळे. आपल्या कानाला वानरांचा खोकला हवा असतो.

अमावास्या का, ते आता सांगतो. काळोख्या रात्री हॅवलॉकच्या काही खाड्यांत पाणी ढवळलं की निळसर चकाकतं. पाण्यातले सूक्ष्म जीव धक्का बसला की उजेड सोडतात. कोकणातही कधीमधी लाटा पेटतात, तुम्ही बघितलं असेल. पण तिथलं पाणी इतकं नितळ की वल्हं मारलं की प्रत्येक थेंब वेगळा दिसतो, मासा पळाला तर त्याची रेघ दिसते. दोन माणसांच्या कयाकमधून, वाटाड्याबरोबर, लाइफ जॅकेट घालून न्यायची सोय आहे. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चांदण्यात काहीही दिसत नाही आणि पैसे जातात. मुलगी शांत बसणारी असेल तर तिला न्या. नसेल तर दोघींनी जेट्टीच्या पायरीवर बसून पाण्यात काठी फिरवा, कधी कधी तेवढ्यानेही काम होतं.

मगरींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं भाग आहे. खाऱ्या पाण्यातली मोठी मगर अंदमानात आहे आणि ती समुद्रातूनही एका बेटावरून दुसऱ्यावर जाते. २०१० मध्ये हॅवलॉकलाच एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव गेला होता. घाबरून बसायचं कारण नाही. हजारो लोक रोज पोहतात. फक्त खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या जवळ आणि तिन्हीसांजेनंतर पाण्यात उतरायचं नाही. जिथे जाळी लावून पोहायची जागा आखलीय तिथे तिच्या आतच राहायचं. पाटी लावलेली असते, ती हिंदीत असते, मराठी माणसाला वाचता येते. तरी लोक तिच्याखाली चपला काढून पुढे जातात.

बाराटांग. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, टूरवाल्याला आवडणार नाही. पहाटे तीनला उठायचं, शंभर किलोमीटर जायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची आणि पोलिसांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांची माळ न्यायची. जारवा जेमतेम काहीशे आहेत. त्यांच्या घरातून जाणारा हा रस्ता आणि काचेला नाक लावून बसलेले आम्ही. फोटोला बंदी आहे, थांबायला बंदी आहे, पण बघायला बंदी कशी घालणार? काही वर्षं मी गट नेले, मग एकदा गाडीतल्या एका सज्जन बाईंनी परतताना ‘एकही दिसला नाही, पैसे वाया गेले’ असं म्हटलं आणि मी ते बंद केलं. तिथला चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे बुडबुडे येणारं एक डबकं आहे. चुनखडीची गुहा बरी आहे. खारफुटीच्या कमानीखालून नावेचा प्रवास मात्र अप्रतिम, हे कबूल. पण तेवढ्यासाठी सासऱ्यांना चौदा तास हलवू नका.

तो वाचलेला दिवस चिडियाटापूला द्या. पोर्ट ब्लेअरपासून पंचवीसेक किलोमीटर. सगळे तिथे सूर्यास्ताला जातात, तुम्ही पहाटे जा. टूरची गाडी नाही म्हणाली तर रिक्षा करा. सहाच्या सुमाराला मुंडा पहाडच्या वाटेवर उभं राहायचं, चालायची घाई नाही. पहिल्यांदा आवाज येतो तो सहसा पोपटांचा. मग जंगलात ठक-ठक, आणि बुंध्यावर एक भलाथोरला काळाकुट्ट सुतार, नराच्या डोक्यावर लालभडक तुरा. अंदमानी सुतार, जगात फक्त याच बेटांवर. भारद्वाजही दिसेल, पण आपल्यासारखा काळा-तांबडा नाही. डोकं-मान फिकट, दुधाच्या चहाच्या रंगाचं. धनेश मात्र शोधू नका. तो फक्त नारकोंडम या एका दूरच्या बेटावर आहे आणि तिथे आपल्याला जाता येत नाही. पुढे वाट डोंगराच्या टोकाला जाते, दीड-दोन किलोमीटर, खाली समुद्र दिसतो. सासरे सपाटीवर किनाऱ्याजवळच्या बाकावर बसले तरी त्यांना पक्षी तेवढेच दिसतील, कदाचित जास्त, कारण ते हलणार नाहीत.

जंगलाची उंची बघायची तर पोर्ट ब्लेअरच्या समोरच्या बाजूला माउंट हॅरिएट, २०२१ पासून माउंट मणिपूर, तिथे गाडी वरपर्यंत जाते. जुन्या लाल वीसच्या नोटेवरचं दृश्य तिथलंच, नॉर्थ बेच्या दीपस्तंभाचं. घरात जुनी नोट सापडली तर मुलीबरोबर द्या.

डिगलीपूर या सात दिवसांत बसत नाही, म्हणून नुसतं सांगून ठेवतो. रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं (हे रॉस वेगळं) सुकतीला वाळूच्या पट्ट्याने जोडली जातात, भरतीला वेगळी होतात. जवळच ७३२ मीटरचं सॅडल पीक, अंदमानातलं सगळ्यात उंच टोक, आणि कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री अंडी घालायला येणारी कासवं. वेळास-आंजर्ल्याची कासवं बघितली असतील तर ही पुढची पायरी. दहा-बारा दिवस असतील तेव्हा जा, आणि रस्त्यापेक्षा जहाजाने रंगतपर्यंत जायचं बघा.

तर तुमचा कार्यक्रम मी असा उलटा करेन: सुरुवातीचे दोन दिवस पोर्ट ब्लेअर, जेल आणि चिडियाटापू. मग हॅवलॉकला दोन रात्री, त्यातली एक काळोखी. नीलला एक रात्र, उधाणाच्या दिवसांत. परत येऊन सिप्पीघाटमार्गे जॉली बॉय, नंतर विमान. रॉस संध्याकाळी तासाभरात होतं; वडाच्या-पिंपळाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या भिंती बघण्यासारख्या आहेत. बेटांमधल्या प्रवासाला खासगी बोटी जलद आहेत पण बंद, काचेमागे. एका बाजूचा प्रवास सरकारी जहाजाने मिळाला तर घ्या. डेकवर उभं राहता येतं, आणि उडणारे मासे डेकवरूनच दिसतात. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी, नंतर नाही.

सामानाचं विचारलंय. मुलीला खडकांवर चालायला जुने बूट द्या, चपला नकोत. वाळूमाश्या चावतात, खाज चार दिवस जात नाही. पायाला नारळाचं तेल चोपडा, थोडा फरक पडतो. शंख-शिंपले-प्रवाळ काहीही गोळा करू देऊ नका, विमानतळावर बॅगा तपासतात आणि पोरांच्या रडण्याचा तिथे उपयोग होत नाही. शिवाय रिकामा वाटणारा शंख बऱ्याचदा रिकामा नसतो. माझ्या गटातल्या एका आजोबांनी गुपचूप रुमालात बांधलेला शंख रात्री हॉटेलच्या खोलीत चालायला लागला होता. आणि दुर्बीण घ्यायची का, तर हो. आठपट मोठं दाखवणारी साधी पुरे, मुलीच्या गळ्यात ती सासऱ्यांनी अडकवायची आणि चिडियाटापूच्या बाकावर दोघांनी मिळून वापरायची.